समास न कापणारे बाइंडर मामा

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात हे मामा बसतात. दुकानाला पाटी नाही. दारात पुठ्ठ्यांची चळत दिसली आणि खळीचा वास आला की थांबायचं. मी त्यांच्याकडे एकच पुस्तक दिलं, पण माझा सगळ्यात जास्त जीव आहे तेच, म्हणून सविस्तर लिहिते.

स्कॉटलंडच्या गेलिक बोलणाऱ्या मुलखातल्या प्राचीन जागा, तिथं सापडलेल्या वस्तू आणि गावकरी त्यांच्याबद्दल काय सांगतात, अशा टिपणांचा हा जुना इंग्रजी खंड. वीसेक वर्षांपूर्वी रद्दीवाल्याकडे वजनावर घेतला. कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानंही नव्हती. पण आधीच्या कुणा मालकानं समासात पेन्सिलीनं बारीक मराठीत लिहून ठेवलंय. 'शीअन' म्हणजे तिकडची परीलोकांची टेकडी. तिला कुदळ लावायला लोक भ्यायचे. त्या ओळींशेजारी समासात आहे : 'आपली पांढर. पण आपण तिची माती शेतात नेतो.' जुनी वस्ती मोडून झालेलं पांढऱ्या मातीचं टेकाड ज्यानं पाहिलंय, त्याला ही एक ओळ पुरते.

म्हणूनच मला बाइंडिंगची धास्ती होती. मागे दुसऱ्या शहरात एकानं माझा एक खंड कटिंग मशीनखाली सरळ करून दिला आणि समासातली निम्मी अक्षरं कापून टाकली. ते दुःख अजून गेलेलं नाही.

मामांनी पुस्तक हातात घेऊन आधी समासच बघितला. म्हणाले, "बाई, ह्याला कटिंग नको. कडा वाकड्या राहू देत." फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे करून, फाटक्या घड्यांना पातळ कागद लावून त्यांनी जुजबंदी शिलाई घातली, म्हणजे एकेक फर्मा घडीतून दोऱ्यानं शिवला. खळीत मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. आता पुस्तक टेबलावर सपाट उघडतं आणि शिवणीजवळचं अक्षरही वाचता येतं.

पुस्तक आणायला गेले तेव्हा ते चित्रांचं पान काढून बसले होते. "हे दगडाचं बाण कुणाचं?" मी सांगितलं, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गारगोटीसारख्या दगडाची टोकं घडवली. पुढं ती शेतात सापडली की लोक म्हणायचे, परीलोकांनी गुरांवर सोडलेले बाण. गाय आजारी पडली की तोच बाण बुडवलेलं पाणी तिला पाजायचे. मामा लगेच म्हणाले, "आमच्या पावण्यांच्या बीडात पाऊस झाला की रानात बारकं सोनं गावतंय. लोक म्हणत्यात, सोन्याचा पाऊस पडतोय." करवीर तालुक्यातलं बीड. तिथं खरोखरच इवलीशी सोन्याची जुनी नाणी सापडतात. मामांच्या मावशीला भाताच्या चिखलात एक मिळालं होतं, मसुराच्या डाळीएवढं. तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं.

नाणं संग्रहालयात जाईल, पण 'पाऊस' कुणी लिहून ठेवला नाही तर तो जाईल. या खंडाचं मोल मला त्यातच वाटतं. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या कॅलनिशच्या उभ्या शिळांभोवतालचं सुमारे दीड मीटर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, 1857 साली काढलं, ही नोंद झालीच. पण त्या शिळा म्हणजे बाप्तिस्मा नाकारणारे राक्षस, दगड होऊन उभे राहिलेले, हेही कुणीतरी ऐकून उतरवलं. मामांनी शेवटी न सांगता चार कोरी पानं जास्त घातली होती, "लिवायला." मावशीचं नाणं मी त्यांच्यासमोरच तिथं पेन्सिलीनं लिहिलं.

आता तक्रार. बारा दिवसांचे बावीस झाले. मी मरून रंगाचं रेक्झीन सांगितलं होतं, मिळालं हिरवं. मजुरी साडेचारशे, ती मात्र कामाच्या मानानं कमीच. फोनवर ते काही ठरवत नाहीत, पुस्तक घेऊनच जावं लागतं. आणि पावसाळ्यात देऊ नका, खळ वाळत नाही. दिवाळीनंतर द्या.