कोल्हापूरच्या हवेत टिकणारं गॅरेज: इपॉक्सी, टाइल्स, शटर आणि चार्जर यांची पारख

ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी इथल्या जुन्या बंगल्यांची गॅरेजं फियाट-अँबॅसिडरच्या नाहीतर मारुती ८००च्या मापानं बांधलेली आहेत. आठ फुटी शटर, सोळा फूट खोली आणि रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून दारात खडा चढ. आता तिथं मोठी जर्मन गाडी येणार म्हटलं की घरात आधी चकचकीत फ्लोअरिंगचे फोटो फिरायला लागतात. फ्लोअरिंग शेवटी. आधी टेप घेऊन खाली बसा.

भारतात मिळणारी लांब व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) मर्सिडीज ई-क्लास ५०९२ मिमी लांब आहे. सोळा फूट म्हणजे ४८७७ मिमी, त्यामुळं शटर बंदच होणार नाही. अठरा फुटांत मागंपुढं मिळून सव्वा फूट उरतो. गाडी मावते, पण डिकीत बॅग ठेवायला मागं माणूस उभा राहत नाही. वीस फूट असतील तर पुढचं वाचा, नसतील तर आधी मागची भिंत सरकते का ते इंजिनिअरला विचारा. मर्सिडीज जीएलएससारख्या एसयूव्हीचं दुखणं रुंदीचं. आरसे धरून ती २१५७ मिमी भरते. आठ फुटी शटरमधून दोन्ही बाजूंच्या गाइड-चॅनेलचे तीन-तीन इंच वजा केले की २२८६ उरतात, म्हणजे बाजूला जेमतेम अडीच इंच. मोकळी रुंदी साडेनऊ फूट मिळाल्याशिवाय समाधान मानू नका.

चढाचं गणित कुणी करत नाही आणि पहिला ओरखडा तिथंच बसतो. सहा फुटांत एक फूट उठणाऱ्या चढावरून सपाटीवर येताना, चढाचं टोक दोन चाकांच्या बरोबर मध्ये आलं की गाडीचं पोट त्या टोकाकडं झुकतं. २४५० मिमी व्हीलबेसच्या स्विफ्टला तिथं साधारण १०० मिमी जागा लागते, आणि तिच्याकडं ती असते. ई-क्लासचा व्हीलबेस ३०९४ मिमी, तिला १२८ मिमी लागतात. चार माणसं आणि भरलेली डिकी असताना पोटाखाली एवढं उरत नाही. उतार आठास एक केला तर गरज ९६ मिमीवर येते. वर आणि खाली तीन-तीन फूट निम्म्या उताराचे ठेवले की प्रश्न मिटतो. "कडा जरा गोल करून देतो" म्हणणाऱ्या गवंड्याला लेव्हल ट्यूब हातात द्या.

आता जमीन. बाजारात मुख्यतः तीन पर्याय दाखवले जातात.

इपॉक्सी, म्हणजे कोब्यावर ओतून घट्ट होणारा रेझिनचा चकचकीत लेप, दिसायला नाद खुळा, यात वाद नाही. पण कोल्हापुरात ती बिघडते ती बहुतेक वेळा खालून येणाऱ्या ओलीमुळं. जुन्या कोब्याखाली प्लॅस्टिकचा थर घातलेला नसतो. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर येते, लेप तिला वाट देत नाही, मग आधी रुपयाएवढे फुगे आणि नंतर पापुद्रे. तपासणी फुकट आहे: दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवायचं आणि किमान १६ तास सोडायचं. उचलल्यावर खाली दव किंवा काळसर डाग दिसला तर इपॉक्सीचा विचार तिथंच थांबवा. ही चाचणी मे महिन्यात करून उपयोग नाही, त्या वेळी सगळेच कोबे पास होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात करा आणि काम डिसेंबर ते मार्च या काळात काढा.

काम देताना कोटेशनमध्ये हे शब्दशः लिहून घ्या: डायमंड ग्राइंडरनं घासणं (नुसतं अॅसिड मारणं नव्हे), भेगा उघडून भरणं, प्रायमर, २ ते ३ मिमी सेल्फ-लेव्हलिंग इपॉक्सी आणि वर पॉलियुरेथेनचा टॉपकोट. टॉपकोट नसेल तर दारातून ऊन येतं तेवढा पट्टा पिवळा पडतो. नवा कोबा असेल तर २८ दिवस पाणी मारून वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. इपॉक्सीच्या दोन डब्यांचं (रेझिन आणि हार्डनर) मिश्रण अर्ध्या तासाच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, गरमीत त्याहून लवकर. एकटा कामगार मोठं गॅरेज ओतायला लागला तर जोड दिसणारच. शेवटच्या हातानंतर सात दिवस गाडी आत नको. हायवेवरून तापून आलेलं टायर कच्च्या किंवा स्वस्त लेपावर रात्रभर उभं राहिलं की सकाळी गाडीबरोबर चार चौकोनी पापुद्रे निघतात. कंत्राटदार त्याला "टायरचा दोष" म्हणतो. दोष लेपाचा असतो.

दुसरा पर्याय एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिक टाइल्स. ओल येणाऱ्या जमिनीवर आमचं मत यांच्याच बाजूनं आहे. जाळीदार पॉलिप्रॉपिलिन घ्या: पाणी खाली जातं, ओल वर उडून जाते, आणि एखादी तुटली तर तेवढीच बदलता येते. भिंतीपाशी ८ ते १० मिमी फट सोडा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात मध्ये फुगवटा येतो. सपाट पीव्हीसी टाइल्सवर टायरचे तपकिरी डाग पडतात आणि ते कशानंही निघत नाहीत. पांढरा-राखाडी बुद्धिबळपट मागवण्याआधी हे लक्षात ठेवा. जॅक लावायचा तर खाली १८ मिमी प्लायवूडचा तुकडा हवा. एक तक्रार खरी आहे: जाळीखाली माती साठते, वर्षातून एकदा टाइल्स उचलून धुवाव्याच लागतात.

तिसरा, आपली जाड पार्किंग टाइल. तिघांत सहसा स्वस्त, आणि नीट बसवली तर सगळ्यांत निर्धास्त. फुटते ती एकाच कारणानं: मसाला चार कोपऱ्यांत आणि मध्ये थापून टाइल ठेवली जाते, खाली पोकळ राहतं आणि दोन टनाची गाडी कोपरा मोडते. बसवल्यानंतर नाण्यानं ठोकत फिरा. पोकळ वाजेल ती टाइल त्याच दिवशी काढायला लावा.

कुठलीही जमीन घ्या, दाराकडं ऐंशीस एक उतार हवाच. वीस फुटांत तो तीन इंच होतो. दारात आडवी चार इंची नाली आणि तिच्यावर बिडाची जाळी. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांच्या गावात पत्र्याची जाळी घालणं म्हणजे नदीकाठी राहून बाटलीचं पाणी पिणं. बी १२५ वर्गाची, म्हणजे साडेबारा टन चाचणीभाराची जाळी घरगुती गॅरेजला पुरते. नालीच्या बाहेरच्या तोंडाला ६ मिमीची मेश बसवा. उंदीर तिथूनच आत येतात, आणि वायरिंगचा एक हार्नेस कुरतडला तर बिल वाचून बसायला खुर्ची लागते.

दाराबाबत मत जरा उलटं आहे. परदेशी धर्तीचं सेक्शनल दार (आडव्या पट्ट्यांचं, रुळांवर वर सरकणारं) शांत चालतं, उष्णता अडवतं, खालच्या रबरामुळं वळवाची धूळ आत येत नाही. पण ते छताखाली आडवं सरकतं. दाराच्या उंचीपेक्षा दीडएक फूट जास्त खोलीपर्यंत छत मोकळं हवं, आणि जुन्या बंगल्यांत नेमकी तिथं तुळई असते. त्याची टॉर्शन स्प्रिंग, म्हणजे दाराचं वजन तोलणारी पिळाची स्प्रिंग, सहसा १०,००० वेळा उघडझापीची असते. दिवसाला चार धरल्या तर सात वर्षांच्या आत ती तुटणार. ताणलेली स्प्रिंग घरी सोडवायची वस्तू नव्हे, म्हणून विक्रेत्याकडं त्याच मापाची स्प्रिंग कोल्हापुरात शिल्लक आहे का, हे ऑर्डरआधी विचारा. उत्तर "पुण्याहून मागवू" असेल तर साइड मोटर लावलेलं साधं शटर बरं. ते कर्कश्श आहे, वर गुंडाळीला फूट-सव्वा फूट खातं, पण दुरुस्ती उद्यमनगरात त्याच दिवशी होते.

इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन गाडी असेल तर चार्जरचा बोर्ड आत्ताच ठरवा. ७.४ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर ३२ अँपिअर घेतो, आणि तेही तासन्‌तास सलग. मीटरपासून वीस मीटरच्या आत असेल तर ६ चौरस मिमी तांब्याची वायर, त्यापुढं १०. ११ किलोवॅटला थ्री फेज लागतो, दर फेजला १६ अँपिअर. दोन्हींसाठी महावितरणकडं मंजूर भार आधी वाढवून घ्या. सगळ्यांत जास्त चुका आरसीसीबीत, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमध्ये, होतात: दुकानात सहज मिळतो तो एसी प्रकारचा, आणि गाडीकडून डीसी गळती आली की तो आंधळा होतो. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी संरक्षण असेल तर टाइप ए आरसीसीबी, नसेल तर टाइप बी. अर्थिंगचा खड्डा वेगळा घ्या. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. तेव्हा खड्ड्यात पाणी ओता, मेकॅनिक नंतर बोलवा.

उजेडासाठी छताच्या मधोमध एक दिवा नको, दोन्ही लांब भिंतींवर ट्यूब लावा. ओल्या गाडीवर कव्हर कधीच नको, पावसाळ्यात लेदरवर बुरशी धरते.

नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीच्या खालच्या भागात यातलं बरंच गैरलागू आहे. २०१९ आणि २०२१च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथं तळघरात गॅरेज नको, चार्जरचा मेन स्विच वरच्या मजल्यावर हवा, आणि पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला आली की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता गाडी उंचावर न्यायची. त्या वेळी वीज गेलेली असू शकते, म्हणून मोटरच्या शटरची हातानं ओढायची साखळी जूनच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसाकडून एकदा पूर्ण वरपर्यंत ओढून घ्या.