अकरा महिने पेडल स्टील: भुसावळच्या उन्हात पेडल आणि लिव्हर सुरात ठेवताना

गेल्या जूनमध्ये ही पेडल स्टील गिटार घरी आली, आता मे संपत आलाय. ही आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची, आणि पायाच्या पेडलने व गुडघ्याच्या लिव्हरने वाजवता वाजवता तारांचा सूर बदलायचा. त्याआधी २२ वर्षं मी साधी हवाईयन गिटार वाजवत आलो: ऑर्केस्ट्रात, हळदीच्या रात्रीच्या कार्यक्रमांत आणि गुरुवारच्या भजनाला. पेडल स्टील वाजवणारे आपल्याकडे फार थोडे. त्यातल्या पेडल-लिव्हरच्या ट्यूनिंगबद्दल मराठीत वाचायला मला काहीच मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी गिटार सेकंडहँड आहे. एक नेक, १० तारा, ३ पेडल, ४ गुडघ्याचे लिव्हर, ई नाइन्थ ट्यूनिंग, एमन्स मांडणी, म्हणजे ए पेडल सगळ्यात डावीकडे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं ऑल-पुल यंत्रणेच्या (सूर चढवायला आणि उतरवायलाही रॉड ओढणाऱ्या) कुठल्याही गिटारला लागू पडतं. आवाजाबद्दल एवढंच सांगतो, पहिल्या संध्याकाळी पंचमावरून धैवतावर पायाने मींड घेतली आणि आतल्या खोलीतून आई उठून बाहेर आली.

आपल्या स्वरांत मांडलं की हे यंत्र लवकर कळतं. ई म्हणजे सा धरा. चौथी आणि आठवी तार सा, तिसरी आणि सहावी शुद्ध गांधार, पाचवी आणि दहावी पंचम, पहिली आणि सातवी रिषभ, दुसरी शुद्ध निषाद, नववी कोमल निषाद. ए पेडल पंचमाचा धैवत करतं, बी पेडल गांधाराचा मध्यम करतं. सी पेडलने चौथ्या तारेचा सा रिषभावर जातो आणि पाचवीचा पंचम धैवतावर. डावा गुडघा डावीकडे ढकलला की सा चढून कोमल रिषभ होतो, उजवीकडे ढकलला की उतरून निषाद. उजव्या गुडघ्याचे लिव्हर प्रत्येक गिटारवर थोडे वेगळे असतात, त्यात शिरत नाही.

गिटार उलटी करून एकदा नीट बघाच. पेडल दाबलं की उभी सळई आडवा दांडा फिरवते, त्या दांड्यावरची कळ पुल रॉड ओढते आणि रॉड चेंजरमधलं (तारांचा सूर बदलणाऱ्या भागातलं) ते एक बोट हलवतो ज्यावरून तार गेलेली असते. रॉडच्या टोकाला, उजव्या बाजूच्या पट्टीत, नायलॉनचा छोटा षटकोनी नट असतो. मोकळी तार खुंटीवर लावायची आणि पेडलचा सूर या नटावर. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण खुंटी हलली की तिच्यावरचे सगळे पेडल-लिव्हर हलतात. नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की चढवणाऱ्या पेडलचा सूर चढतो, पण उतरवणाऱ्या लिव्हरचा सूर आणखी उतरतो. पहिले पंधरा दिवस माझा हात इथेच चुकत होता.

ऑगस्टमध्ये मोठी चूक झाली. सहाव्या तारेचा मध्यम कमी लागतोय म्हणून मी नट पिळत गेलो. मध्यम जागेवर आला, पण मोकळा गांधार दर दोन मिनिटांनी वेगळा. तार बदलली, पुन्हा तेच. दोन दिवसांनी बॅटरी घेऊन खाली वाकून पाहिलं तर पेडल न दाबताही रॉड ताणलेला होता, त्यामुळे बोट मागच्या अडणीला टेकतच नव्हतं. मोकळ्या तारेला बसायला जागाच राहिली नव्हती. नट दीड आटा सैल केला आणि कमी पडलेला मध्यम पेडलचा अडणीचा स्क्रू फिरवून मिळवला. तेव्हापासून नटाला हात लावायच्या आधी प्रत्येक रॉड बोटाने हलवून पाहतो. पेडल सोडलेलं असताना त्यात किंचित खेळ जाणवलाच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, गांधार कुठे लावायचा. सुरुवातीला मी मोबाइलच्या ट्यूनरवर सगळं शून्यावर आणत होतो. पडद्यावर सगळं हिरवं, आणि ए-बी दोन्ही पेडल दाबली की सुरावट (कॉर्ड) घशात अडकल्यासारखी. कारण सरळ आहे. ट्यूनर हार्मोनियमसारखे समान अंतराचे स्वर दाखवतो, त्यात गांधार सा पासून ४०० सेंटवर असतो (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार ३८६ सेंटवर आहे. चौदा सेंटचा फरक एकेका सुटलेल्या स्वरात कळत नाही, पण दोन तारा एकत्र वाजून लांबत गेल्या की घरघर ऐकू येते. अमेरिकेतले नावाजलेले शिक्षक जेफ न्यूमन यांचा तक्ता बरेच वादक वापरतात, त्यातही ई (सा) ट्यूनरच्या ४४० च्या खुणेच्या वर आणि जी शार्प (गांधार) खाली ठेवलेला आहे. ई वर ठेवायचं कारण माझ्या गिटारवर मोजून कळलं. ए-बी दाबली की तारांचा एकूण ताण वाढतो, लाकडी अंग किंचित वाकतं आणि न हललेला सा ४-५ सेंट उतरतो.

म्हणून आता ट्यूनरवर फक्त सा घेतो, २ सेंट वर. बाकी सगळं तानपुऱ्याचं ॲप लावून कानाने. गांधार सा शी मिळवायचा, मग बी पेडलचा मध्यम, मग ए-बी दोन्ही दाबून धैवत मध्यमाशी. हा धैवत हार्मोनियमच्या धैवतापेक्षा १६ सेंट खाली येतो आणि तिथेच तो गोड आहे.

खरी अडचण कोमल रिषभाच्या लिव्हरची. पाश्चात्त्य वादक तो ए पेडलसोबत वापरतात, तेव्हा हा स्वर त्या धैवताचा गांधार बनतो. धैवत आधीच खाली, त्यावर शुद्ध गांधार म्हणजे सा पासून साधारण ७० सेंट. समान अंतराच्या जागेपेक्षा तब्बल ३० सेंट खाली. पण तानपुऱ्यावर भैरव वाजवायला बसलो की ७० सेंटचा रिषभ सा लाच चिकटतो, गुदमरल्यासारखा. दोन्ही एका नटावर जमणं शक्य नाही. मी भैरवाची बाजू घेतली, लिव्हर १०० च्या जवळ ठेवला, आणि ए पेडलसोबतची ती सुरावट घ्यायचीच तर बार किंचित तिरपा धरतो. फिल्मी गाणी जास्त वाजवणाऱ्याने उलटं करावं. रिषभाच्या तारेचंही असंच आहे. पंचमाशी मिळवली तर धैवताशी २२ सेंट भांडते. तिथे मी मध्यावर थांबलो आणि त्यावर फार वेळ घालवला नाही.

भजनात पेटी असली की हे सगळं थोडं बदलावं लागतं. पेटीचा गांधार उंच, माझा खाली, दोन्ही एकदम ऐकवत नाहीत. अशा दिवशी गांधार ६-७ सेंटच खाली ठेवतो आणि लांब धरत नाही.

आता ऊन. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. एप्रिलमध्ये फैजपूरला लग्नाच्या मांडवात संध्याकाळी गिटार लावली. शेजारीच मोठा कूलर, थेट तारांवर वारा. सगळं छान मिळालं. कार्यक्रम सुरू होताना कुणीतरी कूलर पाहुण्यांकडे फिरवला आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत सहावी तार एवढी उतरली की बी पेडलचा मध्यमही पोचेना. तारांना गरम-थंड व्हायला काही क्षण पुरतात, लाकूड आणि लोखंड मागाहून येतं. त्यात सहावी सगळ्यात हट्टी. ०.०२० इंचाची साधी तार, जाड पण ताण कमी, त्यामुळे थोड्याशा उष्णतेनेही ती सर्वांत जास्त सरकते. आता गिटार मांडवात अर्धा तास उघडी ठेवतो, कूलर बाजूला करायला लावतो आणि दिवे पेटल्यावरच लावायला घेतो. मध्ये सूर हलला तर खुंट्याच फिरवायच्या, नटांना कार्यक्रमात हात लावायचा नाही. फैजपूरला मी नटावर गेलो होतो, घरी येऊन सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

कपाशीच्या हंगामात इथल्या हवेत बारीक तंतू उडतात, ते चेंजरमध्ये बसतात. डिसेंबरमध्ये सा उतरवणारा लिव्हर सोडला की सा जागेवर परत येईना, ३-४ सेंट वरच राहायचा. ब्रशने साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला, बहुतेक गेलं. तेल जास्त झालं की धूळ आणखी चिकटते, हे लक्षात असू द्या. तिसरी तार, ०.०११ ची, महिन्याला एक तरी तुटते. ती ताणाच्या शेवटच्या टोकाला असते आणि बी पेडल तिला आणखी ओढतं. डझनभर जवळ ठेवा, इथल्या दुकानात ती मिळत नाही.

कार्यक्रमाला नेताना पाय, पेडलची पट्टी, सळया सगळं सुटं करावं लागतं. सळयांवर रंगाचे ठिपके दिलेत, कारण लांबी थोडी कमी-जास्त आहे आणि अदलाबदल झाली की पेडलची उंची बदलते. स्टेजवर मी हे जोडत असतो तेव्हा हमखास कुणी म्हातारबाबा जवळ येऊन विचारतात, "हाई काय शे भाऊ?" मी त्यांना बसवून ए पेडलची एक मींड ऐकवतो.

घ्यावी का, तर हवाईयन गिटारवर ज्याचा बार सुरात चालतो त्याने जरूर घ्यावी. ज्याचा अजून चालत नाही त्याने आणखी दोन वर्षं थांबावं, कारण इथे चूक बारची की नटाची हे आधी कानाला कळायला हवं. रोजच्या रियाजातली पहिली वीस मिनिटं लावण्यात जातात, ती धरूनच वेळ काढा.

सहाव्या तारेसाठी ०.०२२ ची गुंडाळलेली तार मागवली आहे. ती उन्हात आणि पेडल दाबल्यावर कमी सरकते म्हणतात. उजव्या गुडघ्याचा लिव्हर तिला उतरवतो, त्याचा पल्ला मात्र वाढवावा लागणार. पहिला पाऊस पडला की चढवतो.