७१०चा शिक्का दाखवला आणि आत भलताच प्लाय लावला

‘ताई, घरात काहीही चालतं, पण गाडीत मरीन प्लायशिवाय दुसरं टिकत नाही.’ हे वाक्य आमच्या गाडीच्या आतलं लाकूडकाम केलेल्या मिस्त्रीचंच. आम्हाला तोवर प्लायमधलं काही कळत नव्हतं, जे कळलं ते त्यानेच शिकवलं. साधा कमर्शियल प्लाय आयएस (म्हणजे भारतीय मानक) ३०३चा, दमट हवा सोसण्यापुरता. मरीन प्लाय आयएस ७१०चा. त्याचा डिंक वेगळा असतो आणि चाचणीत तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. सगळं खरं होतं. इतकं खरं सांगणारा माणूस आपल्याला खोटा माल लावेल, असं मनातसुद्धा आलं नाही. कोणी गाडीचं काम काढणार असेल तर आमच्यासारखं होऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी २०१२ची टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाने तिची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतली होती. दोन बाक, छोटा ओटा, ओट्याखाली सिलिंडरचा कप्पा आणि खिडक्यांच्या वर ओळीने कपाटं. हे निवृत्त झाल्यावर २०२३मध्ये आम्ही ती घेतली. एका कोपऱ्यात छतातून पाणी झिरपून कपाट काळं पडलं होतं, सनमायका सुटला होता. पण दारं सागवानी होती, कड्या पितळी, आणि प्रत्येक कडीच्या पाठीमागे त्या मालकाने खिळ्याने नंबर कोरला होता.

मिस्त्री ओळखीतून आला. १,४०,००० रुपयांत काम ठरलं, तेही डायरीच्या एका पानावर. ८०,००० आगाऊ दिले, निम्मे रोख आणि निम्मे त्याच्या भाच्याच्या नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला, ‘पक्कं बिल घेतलंत तर १८ टक्के जीएसटी वर पडेल, उगाच कशाला?’ तिथेच थांबायला हवं होतं. शेडमध्ये त्याने ७१०चा शिक्का असलेली शीट दाखवली. नंतर मात्र ‘धूळ असते, ताई, तुम्हाला त्रास होईल’ म्हणून तीन आठवडे आम्हाला तिकडे फिरकू दिलं नाही.

गाडी परत आली तेव्हा आतून पांढरीशुभ्र, चकाचक. आम्ही पेढे दिले आणि उरलेले पैसेही त्याच दिवशी दिले.

जूनमध्ये खण अडकायला लागले. फोन केला तर म्हणे, पावसात लाकूड फुगतंच. जुलैत श्रीवर्धनला निघालो आणि ताम्हिणी घाटात एका वळणावर वरचं कपाट डब्यांसकट बाकावर आदळलं. आम्ही दोघं पुढे होतो. हे गाडी बाजूला घेऊन कितीतरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

तुटलेली कड मी जवळून पाहिली. वरचा थर लालसर, आतले पिवळट. मध्ये बोटभर पोकळ्या आणि त्यात भुसा व फेविकॉल कालवून भरलेला. नखाने ओढलं तरी पापुद्रा निघत होता. कपाट इंचभर लांबीच्या पाच स्क्रूंवर टांगलेलं होतं, तेही आतल्या पातळ अस्तराच्या प्लायमध्ये. जुनी कपाटं गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या चौकोनी पाइपला बोल्टने कसलेली होती. तो पाइप तिथेच होता. मापं जुळली नाहीत म्हणून त्याने तो वापरलाच नाही. घरातल्या भिंतीवर चालणारं काम रोज हादरे खाणाऱ्या गाडीत चालत नाही, हे त्याला माहीत नसणार कसं?

घरी येऊन तळहाताएवढा तुकडा पातेल्यात उकळत ठेवला. ७२ तास कशाला, पाऊण तासात थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दुसरा तुकडा नेला. तिथल्या एका दुकानदाराने हातात घेताच सांगितलं, हा कमर्शियल आहे आणि त्यातलाही हलका. त्यांनीच दाखवलं की खऱ्या शीटवर आयएसआयच्या खुणेसोबत सीएम/एल आणि पुढे परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. आमच्याकडे ७१०चा शिक्का एकाच ठिकाणी होता, ओट्याखालच्या कपाटात, समोरच्या फळीवर, दार उघडताच दिसेल असा. त्याखाली कुठलाही क्रमांक नव्हता.

सगळ्यात जास्त संताप आला तो सिलिंडरच्या कप्प्याने. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून जुन्या कप्प्याच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारं जाळीचं भोक होतं. याने त्यावर नवी फळी ठोकून सनमायका चिकटवला होता. पाच महिने आम्ही त्या गाडीत चहा केला, त्यात झोपलो. पैशांचं मी विसरेन, हे नाही विसरणार.

जाब विचारायला शेडवर गेलो. जुनी दारं ‘कुजली होती, फेकली’ म्हणाला. तिथेच एका नव्या कपाटाला पितळी कड्या बसवलेल्या दिसल्या. यांनी एक उलटी करून पाहिली, मागे खिळ्याने कोरलेला ४ होता. त्यावर तो काही बोलला नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बिल नाही, पण यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे निरोप, डायरीचं पान आणि फोटो सगळं जपून ठेवलं होतं, तेच जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. निकाल अजून लागलेला नाही.

आता दुसरे सुतार आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच काम करतात. सनमायका चिकटवायच्या आधी प्रत्येक फळीची कापलेली कड मी बघते आणि तिच्यावर पेन्सिलने सही करते. पहिल्या दिवशी त्यांना ते जरा लागलं असावं. आता तेच हाक मारतात, ‘काकू, सही राहिली.’ सिलिंडरच्या कप्प्याचं भोक त्यांनी सगळ्यात आधी मोकळं केलं.