म्हाताऱ्या माणसांसाठी बॉडी फॅटवाला स्मार्ट काटा घ्यावा का?

आईचं वय ७४, बीपीची गोळी चालू आहे, आणि वर्षभरात तिचे सगळे ब्लाऊज ढगळ व्हायला लागले म्हणून हा ब्लूटूथवाला काटा मागवला. कंपनीचं नाव घेत नाही कारण या किमतीतले बहुतेक काटे एकाच पद्धतीने चालतात. वजन बरोबर दाखवतो, दवाखान्यातल्या काट्याशी ताडून बघितलंय, अ‍ॅपमध्ये ग्राफही नीट दिसतो. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

पण मसल, फॅट, बोन मास वगैरे जे आकडे येतात ना, त्यांच्यावर वयस्कर माणसाच्या बाबतीत अजिबात विसंबू नका. काटा स्नायू मोजतच नाही, तळपायातून एकदम बारीक करंट सोडतो, शरीर त्याला किती अडवतं ते बघतो आणि बाकीचं आपण भरलेल्या वय-उंचीवरून फॉर्म्युल्याने काढतो. करंट जातो अंगातल्या पाण्यातून, पाणी जास्त तर काटा मसल जास्त धरतो. आईला अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीमुळे घोट्यावर सूज येते, तर सूज असेल त्या दिवशी मसल वाढलेले दिसतात आणि उतरली की कमी! आणि उंचीचं काय, पाठीला बाक आलाय, जुनी उंची टाकली तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते) कमी येतो, आता भिंतीला उभं करून मोजली तर त्याहून जास्त, म्हणजे बाई वाळलीये आणि अ‍ॅप म्हणतंय सगळं नॉर्मल.

खरं काय ते कळलं डाएटिशियन ताईंकडे. त्यांनी एमएनएचा (वयस्कर माणसाचं पोषण नीट होतंय का ते तपासण्याचा) छोटा फॉर्म भरून घेतला, सहाच प्रश्न असतात: तीन महिन्यांत जेवण कमी झालं का, वजन उतरलं का, हिंडणं-फिरणं कसं आहे, मोठं आजारपण किंवा धक्का, विसरभोळेपणा किंवा उदासपणा, आणि शेवटी बीएमआय, तो धड काढता येत नसेल तर पोटरीचा घेर. १४ पैकी १२ किंवा जास्त म्हणजे ठीक, ८ ते ११ म्हणजे कुपोषणाचा धोका, ७ किंवा त्याखाली म्हणजे कुपोषण. आईला ९ मिळाले. पोटरी शिंप्याच्या टेपने मोजली, ३१ सेंटीमीटरच्या आत भरली. आशियाई लोकांसाठी स्नायू कमी असल्याची शंका तर बायकांना ३३ आणि पुरुषांना ३४ च्या खालीच घेतात. मग हाताची पकड बघितली (बायकांना १८ किलोच्या खाली म्हणजे कमी, पुरुषांना २८), आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावलं, त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायचं.

आणि जेवणाच्या प्रश्नावर बोलता बोलता निघालं की कवळी सैल झालीये, म्हणून ती भाकरी, उसळ सोडून चहात बुडवून बिस्किटं आणि मऊ भातावर दिवस काढत होती, आम्हाला सांगितलंच नाही हो तिने! हे कुठल्या काट्यावर दिसणार? आता कवळी नवीन करायला टाकलीये, तोवर घट्ट वरण, अंडं, दही, मुगाचं धिरडं चालू आहे.

तर काटा घ्यायचाच असेल तर साधा डिजिटल घ्या, खूप स्वस्तात मिळतो, दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून वहीत लिहा आणि तीन महिन्यांत ३ किलो न ठरवता उतरलं तर डॉक्टरकडे जा. बॉडी फॅटवाल्याची काच गुळगुळीत असते, अनवाणी उभं राहावं लागतं, तेव्हा शेजारी कुणीतरी थांबा. पेसमेकर असेल त्यांनी हा काटा वापरूच नये.

वजनासाठी ४ स्टार, बाकी आकड्यांसाठी १.