खुलताबादची गोल फेरी: तीनशे रुपयांत आख्खा रविवार

मी 22 वर्षं एसटीत वाहक आहे. माझी गाडी ज्या रस्त्यानं जाते त्याच रस्त्यानं परत येते. त्यामुळं खुलताबादच्या वेशीतून निघून रानातून गोल फिरून पुन्हा वेशीत आणणारी पायी फेरी गावातली दोन पोरं चालवतात असं कळलं, तेव्हा साप्ताहिक सुटीला जोडून एक रजा टाकली. मंडळींना घेऊन परभणीहून आदल्या रात्री संभाजीनगरला मेहुण्याकडं मुक्काम केला. ऑक्टोबरातला रविवार. माणशी 300 रुपये. सकाळी चहा-पोहे, दुपारी पिठलं-भाकरी त्यातच.

साडेसहाला नगारखाना दरवाज्यापाशी 14 जण जमलो. या गावाला जुनी माणसं अजून रौजा म्हणतात. 1327 ला तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात दिल्लीकडचे सूफी इकडं आले, इथंच राहिले आणि इथंच त्यांचे दर्गे झाले. औरंगजेबाची कबर पण गावातच आहे, पण आमचा वाटाड्या पोरगा तिथं फार थांबला नाही. त्याचा जीव मलिक अंबरवर.

आणि तिथं त्यानं खरंच बांधून ठेवलं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकत विकत आलेला माणूस निजामशाहीचा कारभारी होतो, 1610 ला खडकी वसवतो, तिला नहरीचं पाणी आणतो. तेच आजचं संभाजीनगर. 1626 ला तो गेला. त्याच्या कबरीवरच्या घुमटाच्या सावलीत बसून पोरगा सांगत होता, शेजारच्या लहान मकबऱ्याकडं बोट करून म्हणाला, "ही त्याची बायको, बीबी करीमा. लोक हिच्याकडं बघतच नाहीत." मंडळी उठली आणि एकटीच तिकडं जाऊन आली. मी या रस्त्यानं वेरुळला कितीदा गेलो असेन, खाली उतरून हे पाहिलं नव्हतं याचं वाईट वाटलं.

तिथून डांबरी सुटते आणि रान लागतं. दाट जंगल मनात धरून जाऊ नका. पळस, बाभूळ, घाणेरी, कमरेएवढं गवत, आणि सीताफळाची झाडं म्हणाल तेवढी. पोरगा मला दिवसभर मास्तर म्हणत होता. एका झाडापाशी थांबवून म्हणाला, "मास्तर, डोळे बघा. दोन डोळ्यांमधली फट पांढरी पडली का उतरवायचं. हिरवी असली तर हात नाही लावायचा." फांदी वाकवून त्यानं दोन्ही फळं शेजारी शेजारी दाखवली. एवढी वर्षं टोपलीतली सीताफळं दाबून बघत आलो. आता बघूनच घेतो.

सुलीभंजनचा चढ दमवतो. वर दत्ताचं देऊळ, सूर्यकुंड. एकनाथ महाराजांनी इथं तप केलं. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे ही सगळी एकाच डोंगररांगेतली माणसं. देवळाजवळ एक मोठी शिळा आहे. पोरानं तिच्यावर खडा मारला तर घंटेसारखा आवाज निघाला. मी अंगठीनं वाजवली. कान लावला तर नाद आत बराच वेळ फिरत राहिला. उतरताना परियों का तालाब लागतो. काठावर गंजरवाँ बाबांचा दर्गा. पाण्याजवळ वारा होता, तिथंच पिठलं-भाकरी सोडली. पिठलं गरम, ठेचा झणझणीत, भाकरी ज्वारीचीच. कोणी मागितली की पुन्हा वाढत होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फोनवर अंतर 9 किलोमीटर सांगितलं होतं, माझ्या मोबाईलवर 13 भरलं. आमच्या धंद्यात टप्पा चुकीचा सांगितला तर प्रवाशाशी बेइमानी होते. सोबतच्या एका आजींचे गुडघे सुलीभंजनच्या उतारावर धरले, शेवटी त्यांना मोटारसायकलवर बसवून गावात न्यावं लागलं. खरं अंतर कळलं असतं तर त्या वरूनच गाडीनं परत गेल्या असत्या. बायकांसाठी वाटेत स्वच्छतागृहाची सोय सुलीभंजनशिवाय कुठं नाही, हेही आधी सांगायला पाहिजे. मी पोराला बाजूला घेऊन हे बोललो. त्यानं तोंड वाकडं न करता ऐकून घेतलं, म्हणाला, "मास्तर, पुढच्या वेळपासून तेराच सांगतो."

भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन दोनच्या सुमारास वेशीत परत आलो. निजलेला मारुती आहे हा. श्रावणातल्या शनिवारसाठी संभाजीनगरहून रात्रभर लोक चालत येतात.

पैसे वसूल झाले, मी पुन्हा जाणार. जाणाऱ्यांनी माणशी दोन लिटर पाणी घ्यावं आणि बंद बूट घालावेत. मंडळींनी चपला घातल्या होत्या. परतीच्या रेल्वेत पातळाच्या काठातली कुसळं काढता काढता जालना आलं.