डाउनची स्लीपिंग बॅग: घरी शिवावी की तयार घ्यावी? इंदूरकरांसाठी हिशेब

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या अंगालगतची मऊ लव. ती भरलेली बॅग शिवायची की घ्यायची, हे ठरवण्याआधी जायचं कुठे ते ठरवा. इंदूरहून हिवाळ्यात तंबू घेऊन निघणारी बहुतेक मंडळी जानापाव, चोरल, मांडू, फार तर पचमढीपर्यंत जातात. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्रीचं तापमान साधारण १० अंशांच्या आसपास असतं, थंडीची लाट आली की ५-६ वर येतं. उघड्या माळावर त्याहून थोडं कमी धरा. उत्तराखंडातल्या केदारकांठ्याचा हिवाळी ट्रेक मात्र वेगळं प्रकरण आहे, तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. या दोन थंड्यांसाठी पिसं कमी-जास्त करून भागत नाही, शिवण्याची पद्धतच बदलावी लागते.

माझं मत आधीच सांगते. माळव्यातल्या थंडीसाठी डाउन घरी शिवणं जमण्यासारखं आहे आणि करण्यासारखंही. फक्त बॅग नको, पांघरूण शिवा. शून्याखालच्या थंडीसाठी तयार बॅग घ्या किंवा भाड्याने आणा. आणि गाडी तंबूपर्यंत जाणार असेल, तर घरची रजई टाका डिकीत. तिच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. पुढचं सगळं पाठीवर सामान वाहणाऱ्यांसाठी आहे.

पांघरूण का, बॅग का नाही? आपण झोपलो की अंगाखालची पिसं चेपतात आणि चेपलेली पिसं ऊब धरत नाहीत, कारण ऊब असते ती पिसांत अडकलेल्या हवेची. खालून थंडी अडवायचं काम मॅटचंच. मग खालच्या बाजूला महाग डाउन भरायचं कशाला? तो भाग काढून टाकला की वजन घटतं, चेन लावायची कटकट संपते आणि शिवण सरळ रेषेत राहते. पायाशी गोळा करून बांधायला एक नाडी पुरते. मात्र झोपेत फार कूस बदलणाऱ्यांना बाजूने वारा लागतो. त्यांनी १५ सेंमी रुंदी वाढवावी.

आता मुख्य फरक. सोप्या पद्धतीत वरचं आणि आतलं कापड आरपार टीप मारून जोडतात आणि मधल्या कप्प्यांत डाउन भरतात. टिपेच्या रेषेवर जाडी शून्य, तिथून थंडी शिरते. ५ अंशांपर्यंत हे चालून जातं, शून्याखाली नाही. तिथे दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या शिवून भिंती कराव्या लागतात, आणि डोक्यावरून बंद होणारी बॅग असेल तर आतलं कापड बाहेरच्यापेक्षा लहान बेतावं लागतं, नाहीतर गुडघा-कोपर टेकेल तिथे डाउन दबतं. घरच्या मशीनवर हे होतं, पण पहिल्याच कामाला हे घेऊ नये, असं मी कळकळीने सांगेन.

पांघरुणाचा हिशेब बघा. लांबी १९५ सेंमी, रुंदी १३५, सरासरी जाडी ४ सेंमी. आडवे १३ कप्पे, प्रत्येकी १५ सेंमीचे. कप्पा फुगला की कापड ओढलं जातं, म्हणून टिपा १७ सेंमीवर घ्यायच्या. म्हणजे लांबीला कडेची दुमड धरून सव्वादोन मीटर कापड लागतं. फिल पॉवर म्हणजे डाउन किती फुगतं याचं माप. ८०० फिल पॉवरचं डाउन असेल तर एक ग्रॅम साधारण ४६० घनसेंमी जागा व्यापतं. त्या हिशेबाने २३० ग्रॅम लागतात, पण डाउन कप्प्यात सरकतं, म्हणून ३० टक्के जादा धरून ३०० ग्रॅम घ्या. ६५० चं असेल तर ३७० च्या आसपास. कापड धरून सगळं पांघरूण अर्धा-पाऊण किलोत बसतं. याच थंडीसाठीची साधी सिंथेटिक बॅग सहज सव्वा किलोच्या वर जाते.

भरणं हा या कामाचा खरा कस आहे. एका कप्प्याला २३ ग्रॅम, आणि २३ ग्रॅम डाउन म्हणजे जवळजवळ एक बादलीभर. नुसता श्वास जोरात सोडला तरी ते उडतं. पंखा बंद, खिडक्या बंद, शक्यतो न्हाणीघरात बसायचं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, मूठभर डाउन कप्प्यात खोलवर नेऊन सोडायचं, तोंड क्लिपने बंद. टाचण्या लावू नका, प्रत्येक भोक म्हणजे डाउनला वाट. सुईसुद्धा नेहमीची १४-१६ नंबरची नको, ९ किंवा ११ ची घ्या, आणि दोरा पॉलिएस्टरचा.

मशीन नसेल तरी अडत नाही. शिंपीकाकांकडून तिन्ही बाजू आणि रिकामे कप्पे शिवून आणा, भरणं आणि चौथी बाजू घरी करा. सरळ टिपांचं काम आहे, फक्त कापड निसरडं असतं हे त्यांना आधी सांगा.

कापडावर मात्र तडजोड नको. एम. टी. क्लॉथ मार्केटात नायलॉन भरपूर दिसेल, पण आधी तोंडाला लावून फुंका. हवा सहज आरपार गेली तर डाउनही जाईल. अजिबात गेली नाही तर त्यावर कोटिंग आहे, आत घाम धरेल. जरा जोर लावल्यावर थोडी हवा जाईल असं, २० डेनियरच्या (धाग्याच्या जाडीचं माप) आसपासचं, डाउनप्रूफ रिपस्टॉप, म्हणजे फाटलं तरी चीर पुढे न जाणारं कापड हवं. ते बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं आणि सुटं डाउनही. म्हणून पैसे वाचवायला हे काम घेऊ नका. वाचवायचेच असतील तर फाटकं, जुनं डाउन जॅकेट उसवून त्यातलं भरण वापरा.

आणखी एक गोष्ट मनाला लागते, तीही बोलायला हवी. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या अंगालगतची मऊ लव. बहुतेक डाउन मांसाच्या व्यवसायातून येतं, पण जिवंत पक्ष्याची लव ओरबाडण्याचे प्रकारही होतात. नवं घेताना रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्डचं प्रमाणपत्र पाहा. अनेक घरांत ते तरीही चालणार नाही, आणि हे पूर्णपणे समजण्यासारखं आहे.

त्यांच्यासाठी पॉलिएस्टर भरणाची शीट. कापून दोन कापडांमध्ये ठेवा, चारी कडा शिवा, मध्ये विरळ टिपा मारा, एका रविवारचं काम. वजन थोडं वाढतं, घडी मोठी होते, काही वर्षांत जाडी बसते. पण ओलं झालं तरी थोडीफार ऊब राहते. डाउन भिजलं की गोळे होतात आणि ऊब जवळजवळ संपते. पहिल्यांदाच शिवणाऱ्याला मी हेच सुचवते.

तयार बॅग घेताना आयएसओ २३५३७ चे, म्हणजे बॅग किती थंडीपर्यंत चालते हे मोजणाऱ्या मानकाचे आकडे बघा. त्यातला ‘कम्फर्ट’ आपला. ‘लिमिट’ला अंग आखडून रात्र निघते, आणि ‘एक्स्ट्रीम’ हा झोपेचा आकडाच नव्हे.

डाउनच शिवायचं ठरलं तर पावसाळ्यात भरू नका. दमट हवेत ते ओल धरतं आणि काटा खोटं वजन दाखवतो. कापणं-शिवणं श्रावण-भाद्रपदात उरका, भरायला दसऱ्यानंतर बसा. पुढे धुवायची वेळ आली तर मे महिना निवडा. माळव्याच्या त्या कोरड्या उन्हात, सावलीच्या कडेला पसरून, दर तासाला हाताने गोळे मोडत दोन-तीन दिवस वाळवलं की ड्रायरची गरज पडत नाही. एरवी मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, दाबून बांधायचं ते फक्त निघायच्या दिवशी.