बिडाचा तवा: माल उत्तम, पण ‘मोडसुधार’ आवरा

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानांत मिळणारा 10 इंची, आधीच तेल चढवलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा हा या परीक्षणाचा विषय. वजन दोन किलोच्या आसपास, जाडी साधारण 4 मिलिमीटर, पृष्ठभाग वाळूच्या साच्यातून निघाल्यासारखा किंचित खरखरीत. तवा म्हणून आमची याच्याबद्दल एकही मोठी तक्रार नाही. तरीही हे तवे महिन्या-दोन महिन्यांत माळ्यावर जातात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: चांगला चाललेला तवा आणखी चांगला करायला जाऊन बिघडवणं. याला नेमकं नाव नव्हतं, म्हणून आम्ही ‘मोडसुधार’ म्हणतो. सुधारता सुधारता मोडणं, ते मोडसुधार.

आधी खरेदी. तवा एका हाताने मुठीला धरून अधांतरी ठेवा आणि किल्लीने काठावर टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत बारीक तडा असू शकतो, तो तवा परत ठेवा. मग काउंटरच्या काचेवर पालथा घालून डुगडुगतो का पाहा. इंडक्शनवर वापरणार असाल तर बूडही सपाट हवं.

घरी आणल्यावर कोमट पाणी आणि थोडा साबण वापरून एकदाच धुवा, लगेच पुसा, मंद आचेवर पूर्ण कोरडा करा. आता तेल. दहा इंची तव्याच्या वरच्या बाजूला अर्धा चमचा रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल पुरतं. सुती फडक्याने चोळा, आणि मग चुकून लागलं होतं असं समजून दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढा. जे दिसत नाही तेवढंच तेल हवं. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, निवू द्या. असं तीनदा. ओव्हन असेल तर 200 ते 230 अंशांवर तवा पालथा ठेवून एक तास. मे महिन्यात मात्र हे काम पहाटेच उरका, खिडक्या उघड्या ठेवून.

तीन थरांनंतर तवा तपकिरी आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. मोडसुधार सुरू होतो तो नेमका इथे. ठिपके बघवत नाहीत, म्हणून चौथा, सातवा, दहावा थर चढतो. तेल तापून त्याचं जे कडक आवरण बनतं ते पातळ असतं तोवर लोखंडाला धरून राहतं; जाड झालं की तापण्या-निवण्याच्या ताणाने पापुद्रे सुटतात. आपल्या विदर्भात जवस मुबलक, म्हणून घाण्यावरचं जवसाचं तेल वापरायचा मोह होतो. त्याचा थर सुरेख काळा, कडक होतो, पण ठिसूळही असतो आणि भाकरीसोबत कपच्या निघू लागतात. आमचं स्पष्ट मत: जवस चटणीत घाला, तव्यावर नको.

मोडसुधाराचा दुसरा प्रकार आम्ही ‘चकाकपिसं’ म्हणतो. खरखर नको म्हणून ग्राइंडरवर चकती लावून तवा आरशासारखा करायचा. हलका हात, 80 आणि मग 120 नंबरची चकती (नंबर मोठा तितकी घासणी बारीक), इथे थांबलात तर चालतं. 400 पर्यंत गेलात की तेलाला धरायला खडबडच उरत नाही. थर चढतो आणि थालीपिठाबरोबर निघूनही येतो.

तिसरा, सगळ्यांत महागडा: ‘पुन्हाखरवड’. एक पापुद्रा निघाला की सगळा तवा खरवडून मूळ धातूपासून सुरुवात. गरज नसते. सुटलेला भाग जाड मीठ आणि अर्ध्या बटाट्याने घासा, धुवा, वाळवा, तेवढ्याच जागी एक थर द्या. गंज असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पण अर्ध्या तासाच्या वर नाही. रात्रभर ठेवलं तर आम्ल लोखंडच खातं आणि खड्डे पडतात. उघडं बीड पावसाळ्याच्या हवेत बघता बघता लालसर होतं, म्हणून ऑगस्टमध्ये तवा खरवडू नका.

तवा चिकट लागत असेल तर तेल जास्त झालंय. नवं तेल न लावता पालथा ठेवून पुन्हा तासभर तापवा, चिकटपणा जातो. फडक्याला काळं लागणं हा दोष नाही. खरा काळेपणा स्वयंपाकातून येतो: पहिले काही दिवस बेसनाची धिरडी, तेल सोडून थालीपीठ. अंबाडीची भाजी, टोमॅटो, चिंच मात्र यात शिजवू नका, आंबट पदार्थ थर उतरवतात.

वापरताना मध्यम आचेवर पाच मिनिटं आधी तापवा. मोठ्या आचेवर मधोमध जळतं आणि कडा थंड राहतात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. बीड ठिसूळ असतं, तडकतं, आणि तडकलेला तवा पुन्हा सांधायच्या फंदात पडू नका.

रोजच्या पोळ्यांसाठी आम्ही हा सुचवणार नाही. उचलायला जड, तापायला संथ. भाकर, थालीपीठ, धिरडं यांसाठी डोळे झाकून घ्या. मनगट दुखत असेल तर दोन्ही बाजूंना कान असलेला 9 इंची घ्या, आणि गुळगुळीत केलेल्यासाठी जादा पैसे देऊ नका.